अजितचं बर्फाचं आमंत्रण

शुभदाने आयुष्यात कोणाला स्वतःहून जेवायला बोलावल्याचं मला आठवत नाही. तरीही नेदरलँड्समधल्या आमच्या आइंडहोवनमधली निम्मी मराठी घरं तिच्या हातचं जेवलेली आहेत. हा चमत्कार तिचा नवरा अजित घडवून आणत असे. आमंत्रण त्याचं, तवा तिचा.

शुभदा मूळची सांगलीची. लग्नानंतर अजितच्या नोकरीपाठोपाठ आधी कॅनडातल्या एका गोठलेल्या गावी तिने दोन हिवाळे काढले आणि मग ती इथे आली. इथे ती एका दंतवैद्याकडे अपॉइंटमेंट देण्याचं काम करते. दाढ धरून आलेल्या डच माणसाला डचमध्येच 'आज जमणार नाही' असं शांतपणे सांगण्याबद्दल तिचं तिथे नाव आहे. घरी मात्र हे वाक्य तिला कधी वापरता आलं नाही, कारण तिच्यापर्यंत बातमी पोचायची तेव्हा पाहुणे सायकलला कुलूप लावत असायचे.

"कधीतरी मला विचारून बोलाव रे," ती म्हणायची.

"तू नाही म्हणणार होतीस का?" अजित विचारायचा.

"नसतं म्हटलं. पण विचार."

लोक कॅनडातून नागरिकत्व आणतात, अजितने मेपल सिरप आणलं, आणि त्याबद्दलची ठाम मतं. इथले लोक पॅनकेकवर बीटाच्या साखरेची काळी, चिकट स्ट्रोप ओततात. अजित तिला ग्रीस म्हणत असे. पॅनकेकच्या हॉटेलात तो स्वतःची बाटली खिशातून काढून ओतायचा आणि आम्ही शेजारच्या टेबलावरचे असल्यासारखे बसायचो. त्याच्या त्या कॅनडातल्या गावात म्हणे वादळाचा इशारा आला की शेजारीपाजारी आदल्या संध्याकाळी एका घरी जमत, गरम पॅनकेकवर सिरप घेऊन पोटभर खात, आणि मग आपापली दारं लावून बर्फाची वाट बघत. इथे असा बर्फ क्वचितच पडतो. पण हवामान खात्याने बर्फासाठी कोड ऑरेंजचा इशारा दिला, की पाच मिनिटांच्या आत आमच्या ग्रुपवर अजितचा निरोप यायचा: 'उद्या बर्फ. आज संध्याकाळी आमच्याकडे. सिरप खरं आहे.'

खरं होतंच ते. शुभदा मैद्याच्या पॅनकेकच्या भानगडीत पडत नसे, तांदळाची घावनं घाली. अजित सिरप छोट्या पातेल्यात कोमट करून आणायचा. ते मधासारखं रेंगाळत नाही, पाण्याच्या जवळचं असतं. घावनाच्या जाळीत शिरतं, खालून बाहेर येतं आणि बशीत तळं करतं. आधी गोड लागतं, मग मागून धुराची आणि ओल्या लाकडाची चव येते, आणि मग माणूस दुसरं घावन मागतो. अजित उभ्याउभ्या व्याख्यान द्यायचा. झाडाला भोक पाडून थेंब थेंब रस जमवतात, चाळीस बादल्या आटवल्या की एक बादली सिरप होतं, वगैरे.

"आमच्याकडे असल्याला काकवी म्हणतात," शुभदा तव्यावरून म्हणायची. "आणि ती चुलाणावर होते, व्याख्यानावर नाही."

बर्फाची इतकी तयारी ठेवणारा हा माणूस जूनमध्ये गेला. भर उन्हात, ऑफिसच्या सायकल-तळावर, हृदय बंद पडून. त्यानंतरचे हिवाळे नुसते ओले गेले. शुभदाने माणसांत येणं कमी केलं. आम्ही बोलावलं की ती दंतवैद्याकडचं ते वाक्य वापरायची.

गेल्या जानेवारीत एका दुपारी पुन्हा इशारा आला. मी आणि माझी बायको सुमेधा सुपरमार्केटमध्ये होतो. एक दिवसाच्या बर्फासाठी लोक महिनाभराचे पाव उचलत होते. रांगेत उभं असताना सुमेधाने फोन पाहिला आणि माझ्यापुढे धरला.

अजित. 'उद्या बर्फ. आज संध्याकाळी आमच्याकडे. सिरप खरं आहे.'

ग्रुपवर कोणी काही लिहीना. मग प्रांजलीचा निरोप आला. ती आणि ऋषभ नुकतेच पुण्याहून आलेले, अजित कोण हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. 'आम्ही दोघं नक्की येतो, काका!'

'या,' अजितने लगेच लिहिलं. 'भूक ठेवून या.'

आता मात्र कोणीतरी विचारलं, 'हा काय प्रकार आहे?'

अजितचं उत्तर आलं, 'सावकाश या. वाट बघतोय.'

हे उत्तर ज्यांनी वाचलं त्यांतले बहुतेक पन्नाशीच्या पुढचे आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे होते. त्यानंतर ग्रुपवर कोणी चकार शब्द काढला नाही.

आम्ही पिशव्यांसकट शुभदाकडे गेलो. राजस आधीच पोचला होता. तो अजितच्या हाताखाली नोकरीला लागलेला मुलगा, त्याला शुभदानेच बोलावून घेतलं होतं. दाराशेजारचं मीटरचं कपाट उघडं होतं आणि आत, विजेच्या आणि गॅसच्या मीटरच्या मधे, अजितचा जुना फोन चार्जरला लटकत होता. नंबर भारतातला. तो बंद करता येत नव्हता, कारण पुण्यातल्या जॉइंट खात्याचे ओटीपी त्यावरच यायचे. माणूस जातो, ओटीपी येतच राहतात.

"काकू, हे सगळं ऑटोमॅटिक आहे," राजस हलक्या आवाजात समजावत होता. "कोड ऑरेंज आला की फोन स्वतःच मेसेज टाकतो. कोणी 'येतो' म्हटलं की एक उत्तर. दुसरं काहीही लिहिलं, की ते वाट बघतोय. सर सॉफ्टवेअर टेस्टिंगवाले ना, कुठलीच केस मोकळी सोडायचे नाहीत."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही ज्या तत्परतेचं कौतुक करत होतो, ती मुळात या फोनची होती.

शुभदा कपाटासमोर हाताची घडी घालून उभी होती. "मीसुद्धा लिहून बघितलं," ती म्हणाली. "मला विचारलंस का, म्हणून."

"मग?" सुमेधाने विचारलं.

"सावकाश या म्हणतोय. वाट बघतोय म्हणे." ती हसली. "मला 'या' म्हणतोय गं. अहो-जाहो."

तिची मुलगी वैदेही डेल्फ्टहून स्पीकरवर होती. "आई, जस्ट स्विच इट ऑफ. धिस इज नॉट हेल्दी."

"बरं," शुभदा म्हणाली आणि मुलीचा फोन ठेवला. नवऱ्याचा तसाच राहिला.

"बंद करू का, काकू?" राजसने हात पुढे केला.

"थांब. दोन माणसं येणार आहेत ना? त्याने बोलावलीत." तिने कपाटाचं दार लोटलं. "गेला तरी न विचारता बोलावतोय. सुमेधा, तांदळाचं पीठ तूच भिजव. मी तवा तापवते."

सिरपचा एक डबा फडताळात होता, सील न फोडलेला. अजितनेच आणून ठेवलेला. राजसने तो फोडला, शुभदाने सिरप कोमट केलं. तेवढ्यात प्रांजली आणि ऋषभ फुलं घेऊन आले, गार नाकांनी, अगदी वेळेवर, भूक ठेवून.

"काका कुठे आहेत?" प्रांजलीने बूट काढता काढता विचारलं. "एवढ्या आपुलकीने बोलावलं त्यांनी. इथे आल्यापासून कोणी घरी बोलावलंच नव्हतं आम्हाला."

शुभदाने मीटरच्या कपाटाकडे बोट दाखवलं. "तिथे."

सुमेधाने पोरीला आत नेऊन सगळं सांगितलं. ऋषभ टेबलाशी पहिलं घावन खात बसला होता, त्याला ते सगळं ऐकू येत होतं, आणि तोंडातला घास गिळावा की काय करावं हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने गिळला. थोड्या वेळाने त्याने दुसरं घावनही घेतलं. ओशाळून, पण घेतलं.

बाहेर मीठ फवारणारी गाडी नारिंगी दिवा फिरवत गेली. आकाश भुऱ्या रंगाचं होऊन खाली उतरलं होतं. आम्ही सगळे खात होतो आणि दर दोन घासांनी कोणीतरी दाराकडे बघत होतं. व्याख्यान द्यायला कोणी नसल्यामुळे सिरपची चव जरा जास्तच जाणवत होती. शुभदा अजून तव्यापाशीच होती. तिने एक घावन उलटलं आणि आमच्याकडे पाठ करून म्हणाली, "राजस, त्यातलं काही बदलता येतं का?"

"काहीही येतं, काकू."

"मग ग्रुपवर टाकण्याआधी त्याने मला विचारायचं. 'शुभदा, उद्या बर्फ आहे. लोकांना बोलावू का?' अगदी असंच. नाव घेऊन."

राजसने आमच्याकडे बघितलं. आम्ही बशीत बघितलं.

"आणि तुम्ही उत्तर नाही दिलंत तर? त्या केसलाही काहीतरी ठेवावं लागेल."

"तर परत विचारायचं. दर तासाला." तिने घावन ताटात टाकलं. "मी हो किंवा नाही म्हणेपर्यंत."

राजसने तिथेच, मीटरच्या कपाटात डोकं खुपसून, ते करून दिलं. बाहेर आल्यावर त्याने पुन्हा बशी हातात घेतली नाही.

यंदा डिसेंबरातच कोड ऑरेंज आला. सकाळपासून आम्ही फोन समोर ठेवून बसलो होतो. प्रांजलीने सुमेधाला दोनदा विचारलं, तिने तर पीठही आणून ठेवलं होतं. दुपार झाली. गाड्या कमी केल्याची बातमी आली, शाळांनी मुलांना लवकर सोडलं. ग्रुपवर काहीच आलं नाही. शेवटी सुमेधाने शुभदाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"विचारलं का गं त्याने?"

"विचारतोय की. सकाळपासून."

"मग? सांग ना काहीतरी. पोरं वाट बघतायत. नको असेल तर नको म्हण, कोणी रागावणार नाही."

"नको कुठे आहे? सिरपचा डबापण मागवून ठेवलाय."

"मग हो म्हण."

शुभदा म्हणाली, "उत्तर दिलं की गप्प बसेल गं तो."

खिडकीबाहेर पहिली भुरभुर सुरू झाली होती. तिकडे शुभदाच्या घरात, फोनच्या बऱ्यापैकी जवळ, एक बारीकशी घंटी वाजली.

"थांब हं," शुभदा घाईने म्हणाली. "विचारतोय." आणि तिने फोन ठेवला.