वैशाखातली गोधडी

डॉक्टर भाऊराव यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, त्यांच्यावर चार शब्द लिहा, असे मंडळींनी सांगितले. मी शाळा न शिकलेला माणूस. मांडवीच्या बंदरावर आगबोटीची तिकिटे देता देता अक्षरे जुळवली. त्यात हा विषय म्हणजे आधी स्वतःचाच संताप येतो.

पहिली ओळख झाली ती माझ्या पोटदुखीपायी. भर वैशाखात डॉक्टर घरी आले. मी कण्हत होतो आणि ते बघत होते पाणी घेऊन आलेल्या आमच्या कुटुंबाकडे.

"वहिनी, एवढ्या उकाड्यात अंगावर गोधडी?"

"अहो, आजारी मी आहे!" मी ओरडलो.

"तुमचं पोट फणसानं दुखतंय. गप्प पडा."

दोन वर्षे तिचा चेहरा फुगत होता, आणि अख्खी आळी म्हणत होती, "मुलगा मुंबईत नोकरीला लागला, ते काकूंना मानवलं हो!" मीही मान डोलवायचो. आवाज घोगरा झाला, केस गळाले, कातडी सुकली, पोट साफ होईना, बसल्या जागी डुलकी. मी तिला ऐदी म्हटले. जीभ झडो माझी!

डॉक्टरांनी तिच्या घोट्यामागे लहानशी हातोडी मारली. पाऊल उडाले, पण परत यायला ओहोटीतल्या पडावासारखे रेंगाळले.

"गळ्यातली एक गाठ असते, ती थकलीय; म्हणून ही थंडी, ही सूज. गळा सुजलाच पाहिजे असं नाही. तीच गाठ फार धावू लागली तर उलट होतं; माणूस वाळतो, छाती धडधडते, हात थरथरतात. पण हे असंच सोडलंत, तर वहिनी एक दिवस झोपेतून उठायच्या नाहीत."

गोळ्या मुंबईहून आल्या, मेंढीच्या तसल्याच गाठीपासून केलेल्या. आमचे कुटुंब कडक सोवळ्यातले. मी डॉक्टरांची बाही ओढली, "तेवढं सांगू नका!" त्यांनी सांगितलेच. बाटली आठ दिवस फळीवर. असल्या खरेपणाचे काय लोणचे घालायचे?

नवव्या दिवशी डॉक्टर पुन्हा आले आणि पडवीत ठाण मांडून बसले. शेवटी तीच म्हणाली, "पाणी आणा. यांनी दोन वर्षं गोड सांगितलं. तुम्ही खरं सांगितलंत, म्हणून घेते."

दोनेक महिन्यांत आवाज मोकळा झाला. पहिला उपयोग मला झाडण्यासाठी. आळी आता म्हणते, "काकू किती हो उतरल्या! डॉक्टर बदला." सांगा, कपाळ कुठे आपटू?

पावसाळ्यात आगबोटी बंद, म्हणून दर वैशाखात चार महिन्यांच्या गोळ्या डॉक्टर स्वतः आणून देतात. औषध जन्मभर, असे त्यांनी बजावले आहे. मग देणाऱ्यांनीही तितकेच ठणठणीत राहायला हवे. डॉक्टर, कुटुंबाचा विचार शंभरी गाठण्याचा आहे. तुमची सुटका नाही.