वायर जाड, चिंता आड

घरातली कुठलीही वस्तू बिघडली की मामा हजर होत आणि मामा निघून गेले की ती वस्तू साफ निकामी होई. तरी त्यांना कोणी अडवत नसे. कारण मामा रुसले की आणखी महागात पडत.

त्यांचं सगळं विजेचं ज्ञान चिमटीत मावे. दुकानात वायर दोन बोटांत धरायची, बाळाच्या गालासारखी दाबून बघायची आणि जाहीर करायचं, "वायर जाड, चिंता आड!" आत तांबं किती, हे त्यांनी कधी विचारलं नाही. जावई निवडतानाही ह्यांनी नुसता अंगाचा घेरच पाहिला होता, असं मामी म्हणत.

भाचीच्या खोलीतल्या हीटरची वायर उंदराने कुरतडली, तेव्हा मामांनी अशीच एक पांढरी, गुबगुबीत वायर आणून बसवली. ती बाळाच्या पाळण्याखालून प्लगपर्यंत गेली होती. हीटर लावून थोडा वेळ झाला, तोच भाचीचा पाय तिला लागला आणि तिने तो झटकन मागे घेतला.

"मामा, वायर तापतेय."

"अगं, हीटरची वायर तापणार नाही तर काय गारठणार? गार हवी असेल तर फ्रीजची लावून देतो!"

खोलीभर हशा पिकला. भाचीचा नवराही हसला. "बाळंतपणापासून हिला सगळीकडे भुतं दिसतात," तो म्हणाला.

पाळण्यात पोर निवांत झोपली होती. भाचीने आधी पाळणा लांब ओढला. मग म्हणाली, "मामा, एवढी खात्री आहे ना? मग चहा होईपर्यंत धरून बसा."

चारचौघांत माघार कशी घेणार? मामांनी वायर मुठीत धरली आणि आपल्या पराक्रमाची गोष्ट सुरू केली. गोष्ट रंगण्याआधीच वायर उजव्या हातातून डाव्यात गेली. मग पुन्हा उजव्यात. कपाळावर घाम आला. जळका वास सुटला.

"नव्या रबराचा वास आहे," मामा म्हणाले आणि वायर टाकून उभे राहिले.

भाचीने बटण बंद केलं, प्लग काढला आणि कात्रीने वायर मधोमध कापली. अंगठ्याएवढ्या रबरात तांब्याचे चार केस.

"बडा घर, पोकळ वासा," मामी वायरीकडे न बघता मामांकडे बघत म्हणाल्या.

नवरा बाळासाठी आणखी एक दुलई काढू लागला.

मामांनी तळहातावर फुंकर घातली. "तरी मी दुकानातच म्हणत होतो," ते म्हणाले, "ह्याहून जाड घ्यायला हवी होती."