फॉर्मच्या तळाची बोटभर जागा

पोटगी हौसेने भरणारे या पृथ्वीतलावर एकच गृहस्थ असतील आणि ते माझे मामेसासरे आहेत. हे मी नात्याच्या प्रेमापोटी म्हणत नाही. मी व्यवसायाने करसल्लागार आहे, कोलकात्यात एस्प्लनेडच्या एका जुन्या इमारतीत माझं ऑफिस आहे, आणि पोटगी हा शब्द उच्चारताना माणसाचं तोंड कसं होतं ते मी पुष्कळ पाहिलं आहे. मामा मात्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेला गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बालीगंजच्या बँकेत जातात आणि हँबुर्गला पैसे पाठवून येतात. हे काम घरबसल्या मोबाईलवर होतं, असं मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. तेव्हा ते म्हणाले, ‘‘बायकोला पैसे पाठवायचे ते काय अंथरुणात लोळत?’’ माजी बायको, अशी मी दुरुस्ती केली. त्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘‘ते बँकेला सांग. त्यांच्या कागदावर तसं लिहावं लागतं.’’

मामा मूळचे साताऱ्याकडचे, पण उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जर्मनीत जहाजांच्या इंजिनांची देखभाल करण्यात घालवली. घटस्फोट तिथेच झाला. भांडण कोणी ऐकलं नाही, कारण कोणी सांगितलं नाही. नंतर चार वर्षं दोघं हँबुर्गमध्येच वेगवेगळ्या घरांत राहिली. मग कंपनीने मामांना दोन वर्षांसाठी कोलकात्याला पाठवलं, मामी हँबुर्गच्या ग्रंथालयातल्या नोकरीवर राहिल्या. मामा इथेच निवृत्त झाले आणि इथेच राहिले. साताऱ्याला का जात नाही असं विचारलं की म्हणतात, इथे नदी आहे, नदीत जहाजं आहेत आणि कोणालाच कशाची घाई नाही.

घाई नसलेल्या या शहरात मामांनी जर्मन शिस्त एकट्याच्या बळावर टिकवून धरली आहे. चौकात पादचाऱ्यांचा लाल दिवा असेल तर रस्ता ओस पडलेला असला तरी ते हलत नाहीत. मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून पलीकडे जातात. चौकातल्या हवालदाराला आधी वाटायचं की म्हाताऱ्याला दिसत नाही. तो हात धरून पलीकडे न्यायचा आणि मामा दिवा हिरवा झाल्यावर तिथून परत येऊन, नियमाने पुन्हा ओलांडायचे. घरातल्या बाटल्या ते पांढऱ्या, हिरव्या आणि तपकिरी अशा तीन पिशव्यांत वेगळ्या ठेवतात. भंगारवाला त्यांच्यासमोरच त्या तिन्ही एका पोत्यात ओततो. मामा दर वेळी त्याला हिंदीत समजावतात, तो दर वेळी मान डोलावतो, आणि पुढच्या महिन्यात हाच प्रयोग पुन्हा होतो. लोणच्याच्या बरणीवर ते तारखेची चिठ्ठी लावतात. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला सहाचं बोलावणं असेल तर पावणेसहाला येऊन जिन्यात उभे राहतात आणि सहाला बेल वाजवतात. मुलगा बंगालीत विचार करतो आणि मराठीत अडखळतो. मामा त्याच्याशी सावकाश, पूर्ण वाक्यांत मराठी बोलतात आणि तो चुकला तर दुरुस्त करत नाहीत. इतर सर्वांना ते दुरुस्त करतात.

त्यांचे जुने करसल्लागार वयोमानाने थकले तेव्हा मामांची फाईल माझ्याकडे आली. फाईल कसली, नमुनाच होता. तारखेवार लावलेली, कोपरे जुळवलेली. तिच्यात मला दर वर्षीचा एक जर्मन फॉर्म मिळाला, खाली दोन सह्या, एक मामांची आणि एक मामींची. चौकशी केली तेव्हा कळलं की जर्मनीत पोटगी देणाऱ्याला करात सवलत हवी असेल तर घेणाऱ्याची संमती लागते. हे माझं उत्पन्न आहे आणि याचा कर मी भरेन, असं तिने सही करून कबूल करायचं. मामा दर जानेवारीत हा फॉर्म निळ्या शाईने भरायचे, टपालाने हँबुर्गला पाठवायचे, आणि फेब्रुवारीत तो सही होऊन परत यायचा. ईमेल त्यांना चालत नसे. सही म्हणजे शाई, असं त्यांचं म्हणणं.

आता गंमत अशी की मामा नऊ वर्षांपासून भारतात कर भरतात, आणि आपल्याकडे पोटगी देणाऱ्याला त्यापोटी काडीची सवलत मिळत नाही. त्या फॉर्मचा इथे उपयोग शून्य. तिथल्या कचेरीतही तो जात नव्हता, कारण तिथे मामांचं आता काही उत्पन्नच नव्हतं. बरं, तिथेही एकदा दिलेली संमती रद्द करेपर्यंत चालते, दर वर्षी सही मागायची गरज मुळातच नव्हती. इतक्या काटेकोर माणसाने नऊ वर्षं असा पोरकटपणा करावा याचा मला व्यावसायिक आनंद झाला. मामांची चूक सापडणं ही आमच्या कुटुंबात मोठी गोष्ट आहे. मी त्यांना ऑफिसात बोलावलं, चहा दिला आणि सगळं मुद्देसूद समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘म्हणजे आता पाठवायला नको.’’ मी म्हटलं, अजिबात नको. त्यांनी चहा अर्धा टाकला, तो त्यांनी आजवर कुठे टाकलेला नाही, आणि ते निघून गेले.

ते गेल्यावर फाईल बंद करताना मी ते फॉर्म पहिल्यांदा नीट पाहिले. प्रत्येकाच्या तळाशी बोटभर कोरी जागा होती आणि तिथे मराठीत लिहिलेलं होतं. एका वर्षी मामांनी लिहिलं होतं, यंदा इथे थंडी उशिरा पडली. खाली मामींचं अक्षर, इथे मार्चपर्यंत बर्फ होतं, तुमचा स्वेटर अजून टिकला आहे का. दुसऱ्या वर्षी, आई गेली. खाली, मी दोन दिवस रजा घेतली. नऊ वर्षांचं सगळं बोलणं एवढंच होतं. फोन ते एकमेकांना करत नसत, कारण करायला काही निमित्त नव्हतं. निमित्त हा फॉर्म होता, आणि तो मी नुकताच बंद पाडला होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी घरी कोणाला काही सांगितलं नाही.

त्या जानेवारीत मामांनी फॉर्म पाठवला नाही. सांगितलेला नियम पाळायचा हा त्यांचा स्वभाव. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. बँकेत ते जात होते, पण एकदा तर दाढी न करता गेल्याचं मी पाहिलं.

एप्रिलच्या अखेरीस मामा माझ्या ऑफिसात वेळ न ठरवता आले. असं ते कधी करत नाहीत. त्यांच्या हातात हँबुर्गचं पाकीट होतं. आत तोच फॉर्म, मामींनी स्वतः तिथल्या कर-कचेरीतून आणलेला. वरचे सगळे रकाने कोरे, खाली फक्त त्यांची सही. तळाच्या जागेत लिहिलं होतं, यंदा फॉर्म आला नाही. तब्येत बरी आहे ना?

मी हळूच म्हटलं, मामींना नियम माहीत नसेल. मामा म्हणाले, ‘‘तिला माहीत नाही असं होईल का, सूनबाई? तिथे कर ती भरते.’’ मग माझ्या टेबलावरच्या कायद्याच्या पुस्तकांकडे पाहत त्यांनी विचारलं, ‘‘याला उत्तर किती दिवसांत द्यावं लागतं?’’

माझ्या उभ्या कारकिर्दीत मी कायद्याच्या बाबतीत खोटं बोलले नव्हते. मी म्हटलं, ‘‘लगेच द्यावं लागतं, मामा. उशीर झाला तर दंड आहे.’’

त्यांनी खिशातलं निळ्या शाईचं पेन काढलं आणि तिथेच बसून सगळे रकाने भरले. तळाशी काय लिहिलं ते मी पाहिलं नाही, मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. मग त्यांनी तो फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि तपासून दे म्हणाले. मी तळ सोडून बाकीचा तपासला. पोस्टापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. वाटेतल्या चौकात आम्ही दोघं लाल दिव्याशी, रिकाम्या रस्त्याच्या कडेला, पूर्ण वेळ उभे राहिलो.

आता दर जानेवारीत मीच त्यांना फोन करून फॉर्मची वेळ झाल्याची आठवण देते. या कामाची फी मी लावत नाही. निरुपयोगी कागद जपू नयेत असं मी सगळ्यांना सांगते, पण मामांची फाईल माझ्या कपाटात समोरच्याच कप्प्यात असते, आणि फेब्रुवारी लागला की त्यांच्याइतकीच मीही टपालाची वाट पाहते.