न मोजलेलं ताट

माझं वजन उतरता उतरता ब्याऐंशीवर येऊन थांबलं तेव्हा घरात प्रत्येकानं आपापला आरोपी ठरवून टाकला होता. मुलीच्या मते ऑफिसातला चहा. बायकोच्या मते रविवारचं मटण. दापोड्याच्या ज्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी गाड्यांचं बुकिंग बघतो, तिथल्या लोकांना तर हा रोजचा विषयच मिळाला. एक जुना ड्रायव्हर मला बघितलं की म्हणायचा, "बाबूजी, आप तो हवा खाके भी फूले के फूले हो." मी हसायचो. माझा हसण्याला कधी नकार नसतो. बोलायला लागू नये म्हणून मी आयुष्यभर हसत आलो आहे.

पण जे बोलायचं होतं ते बोललो नाही, म्हणून माझी आई वाळत चालली होती. ते आता लिहितो.

सुरुवात साखरेनं झाली. माझे गुडघे धरू लागले म्हणून तपासण्या केल्या, तर साखर काठावर निघाली. वडील साखरेनंच गेले. त्यांचा पाय कसा गेला ते मी बघितलेलं होतं, त्यामुळे डॉक्टरांना जास्त समजवावं लागलं नाही. मुलगी कॉलेजात शिकते. तिनं सगळं हातात घेतलं आणि पहिल्याच दिवशी घरातला भात बंद केला. आमच्या भागातल्या माणसाच्या घरातून भात काढणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. बायकोनं मात्र एकच अट घातली. म्हणाली, "यांना एक, मला एक, आईंना तिसरं, असं होणार नाही. मी काय खाणावळ उघडलीय?" त्यामुळे ज्वारीची भाकरी, दलिया, मूग, उकडलेल्या भाज्या हे सगळ्यांनाच आलं. आईसाठी तीच भाकरी दुधात नाहीतर वरणात कुस्करून.

सकाळी मी काल्हेरच्या गोदामांमधल्या रस्त्यानं चालायला जायचो, कंटेनर सुटायच्या आधी. पहिल्यांदा वजन असं उतरलं की पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. शेजारी विचारायला लागले. मग एक दिवस काटा थांबला तो थांबलाच. मी चालणं वाढवलं. रात्री नुसतं सूप प्यायला लागलो. जिने चढायला लागलो. काटा ढिम्म.

"पप्पा, याला प्लॅटो म्हणतात," मुलगी म्हणाली. "सगळ्यांना होतं. पण तुम्ही खरं सांगा, बाहेर काय खाता?"

"काही नाही."

"शपथ?"

"शपथ."

आणि ती शपथ खोटी नव्हती. निदान तेव्हा मला ती खोटी वाटली नव्हती.

आता आईकडे येतो. आई वज्रेश्वरीच्या बाजूला आमच्या गावच्या घरात राहायची. धाकटी बहीण त्याच बाजूला दिलेली, दोन गावं सोडून. आई विसरायला लागली, चूल पेटवून शेजारी जाऊन बसायला लागली, तेव्हा बहीण म्हणाली, मी नेते. मी नाही म्हणालो. मुलगा असताना आई मुलीकडे राहिली तर चार लोक काय म्हणतील, असं मी तिच्या सासरच्या ओटीवर, तिच्या नवऱ्यासमोर बोललो. बहीण रडली नाही. एवढंच म्हणाली, "ने. पण तिला नीट ठेव, दादा." आणि मी आईला काल्हेरच्या चौथ्या मजल्यावर आणून ठेवली.

आई पहिल्यापासून दोनदाच जेवणारी, सकाळी आणि दिवस मावळल्यावर. ती दोन्ही ताटं मी द्यायचो, ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर. ते काम मी आपणहून घेतलं होतं. बायकोला बरं वाटलं. पन्नाशीनंतर का होईना, नवरा घरातलं एक काम करायला लागला. मी ताट घेऊन आईच्या खोलीत जायचो आणि दार लोटून घ्यायचो, कारण समोर टीव्ही दिसला की आईचं लक्ष उडायचं.

आई दोन घास घ्यायची. तिसरा तोंडात फिरवत राहायची. मग ताट माझ्याकडे सरकवायची. "तू खा रं. किती सुकलायस."

त्या घरात माझ्या बारीक होण्याचं वाईट वाटणारं माणूस तेवढं एकच होतं.

"तू जेव आधी."

"भूक न्हाय मना."

सुरुवातीला मी उरलेलं बाहेर न्यायचो. एकदा बायको म्हणाली, "एवढं टाकलं? ताईंना कळलं तर म्हणतील आम्ही उपाशी ठेवतो." ती सहज म्हणाली. माझ्या मात्र ते आरपार गेलं. बहिणीचा दर दोन दिवसांनी फोन यायचा, पहिला प्रश्न ठरलेला: "आई जेवली का?" त्या दिवसानंतर मी आईचं उरलेलं खिडकीकडे तोंड करून खाऊन टाकायला लागलो आणि रिकामं ताट बाहेर आणायला लागलो. टाकून देता आलं असतं म्हणाल, तर कुठे टाकणार? चौथ्या मजल्यावरच्या घरात बायकोच्या नजरेआड राहील असा कचऱ्याचा डबा नसतो. शिवाय अन्न टाकायला हात धजत नाही, आम्हाला त्याच आईनं तसं वाढवलं आहे.

मी ते कधी माझ्या खाण्यात धरलं नाही. मुलीनं विचारलं, दिवसभरात काय काय खाल्लं, की मी माझं ताट आठवून सांगायचो: एक भाकरी, भाजी, वाटीभर मूग. आईचं उष्टं संपवणं हे माझ्या लेखी खाणं नव्हतंच, ते काम होतं. भांडं विसळावं तसं. दुधातली भाकरी, तूप घातलेला दलिया, दोन वेळा, रोज. पोट भरलेलं असायचं आणि तरी मी मनापासून नवल करायचो की काटा का हलत नाही.

रिकामं ताट बघून घरात कौतुक व्हायचं. "आई तुमच्या हातून छान जेवतात हं." मी मान हलवायचो.

आणि आई? ती दिवसातून कितीदा तरी म्हणायची, "मी जेवलेच न्हाय." पाहुणे आले की त्यांना सांगायची. पेपरवाल्याला सांगायची. मुलगी हसून म्हणायची, "आजी, आत्ताच तर जेवलीस, ताट घासून ठेवलंय." आई बिचारी गप्प बसायची. आम्ही पाहुण्यांना खुणेनं सांगायचो, विसरते म्हणून. त्या खुणेत मी पण होतो. बाकीच्यांना निदान खरं ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि मी खूण करत होतो. याचं माझ्याजवळ काही समर्थन नाही.

दिवाळी झाल्यावर आईला चक्कर आली, म्हणून भिवंडीत आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. बायको बरोबर होती. तिथल्या सिस्टरनं आईला काट्यावर उभं केलं आणि मागचा कागद बघून पुन्हा उभं केलं.

"हे बरोबर आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. "मागच्या वेळेपेक्षा फारच उतरलंय. जेवतात का?"

"अहो, ताट लख्ख असतं," बायको म्हणाली. "हे स्वतः देतात."

"जेवले न्हाय," आई म्हणाली.

बायको हसली. "हे असंच. रोजचं आहे."

डॉक्टर आईकडे बघत होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचंही वजन मागच्या वेळी अडकलं होतं ना? ते उतरलं का?"

त्यांना काही कळलं होतं असं नाही. ते दुसऱ्या पेशंटची फाईल चाळावी तसं बोलले होते. पण त्या खोलीत दोन वजनं एका दमात बोलली गेली, आणि मला पुढे गप्प राहता येईना.

"मी खातो," मी म्हणालो.

"काय खाता?"

"आईचं. ती टाकते ते. तिनं खाल्लं असं दिसावं म्हणून."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती अगदी हळू म्हणाली, "कधीपासून?"

"भाकरी सुरू केली त्याच्या थोडं नंतर."

"आणि मी वेड्यासारखी उकडलेलं खातेय तुमच्यासाठी!" मग तिचा आवाज चढला. "चहात साखर घेत नाही मी! मी! आणि तुम्ही तिकडे तूप घातलेला दलिया…"

डॉक्टरांना हसू आवरेना. आईलाही हसू आलं, का ते तिला माहीत. सिस्टर डोकावून गेली. मी तिथे खुर्चीत बसून होतो, पन्नाशी ओलांडलेला माणूस, आणि मला रडू येत होतं. पण छातीवरचं काहीतरी उतरलं होतं हेही खरं.

डॉक्टरांनी तोंड, दात, गिळणं सगळं तपासलं. तसं काही नव्हतं. "रक्त बघू. पण आधी खायला का नको म्हणतात ते शोधा," म्हणाले.

घराखाली रिक्षातून उतरल्यावर बायको म्हणाली, "ताईंना तुम्ही फोन करायचा. मी नाही."

केला. "आई जेवत नाही. खूप दिवस झाले. मी तुला खोटं सांगत होतो." एवढंच बोललो, कारण जास्त बोललो असतो तर कारणं द्यायला लागलो असतो. पलीकडे बसस्टँडसारखा गलका होता. त्यातून ती म्हणाली, "सकालच्या गाडीनं येते."

आली ती पिशवीत सुकट आणि गावचे तांदूळ घेऊन. चप्पल काढायच्या आधी आईच्या खोलीत गेली. मी दारात उभा.

"आये, जेवलीस का?"

"न्हाय. मना कोन जेवायलाच वाढीत न्हाय."

"मंग सकाल काय खाल्लंस?"

"भाकर खाल्ली दुधात."

बहीण माझ्याकडे वळली. "दादा, भात देत न्हाय काय तिला?"

मी सांगितलं: साखर, डाएट, दोन स्वयंपाक होत नाहीत. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता, रागाकडून हसण्याकडे आणि पुन्हा रागाकडे.

"अरं, तू कुठल्या गावचा हायस? ती खोटं बोलत न्हाय, हे विसरत बी न्हाय. भात पोटात गेल्याबिगर ती जेवले म्हनेल काय? भाकर खाल्ली त भाकर खाल्ली. जेवले कशाला म्हनंल?"

लहानपणी शेतावरून येताना कुणी विचारलं, जेवलास का, की मीच सांगायचो, न्हाय, भाकरच खाल्ली. आमच्या घरात जेवण म्हणजे भात आणि कालवण. बाकी सगळं खाणं. हा शब्द माझाच होता. काल्हेरला येऊन, ऑफिसात बसून मी तो असा विसरलो की आईनं रोज खरं सांगितलं, आणि आम्ही तिलाच विसरभोळी ठरवलं.

बहिणीनं ओट्यावर जाऊन मऊ, आसट भात टाकला, सुकटीचं कालवण केलं. बायको बाजूला उभी राहून कांदा चिरत होती. मला वाटलं होतं दोघींचं वाजेल. पण दोघींना माझ्यावर बोलायला इतकं होतं की एकमेकींवर बोलायला वेळच उरला नाही.

"वयनी, याला लहानपनापासून सवय हाय. मार खाईल पन बोलनार न्हाय."

"आता बोलतील. बोलले नाहीत तर यांनाच डॉक्टरांच्या काट्यावर उभं करते."

आई जेवली. सगळं नाही. पण हात ताटातच ठेवून, बोटं चाटत, मधे थांबून "मीठ कमी हाय" म्हणत जेवली. मुलगी मोबाईल बाजूला ठेवून बघत बसली होती. मी घरभर पसरलेला सुकटीचा वास घेत उभा होतो, आणि कित्येक महिन्यांनी मला त्या खोलीचं दार लोटावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी बहिणीला मी म्हणालो, "घेऊन जा तिला. माझं चुकलं तेव्हा. ओटीवर तुझ्या घरच्यांसमोर बोललो तेही." ती तांदळाची पिशवी बांधून कोपऱ्यात ठेवत होती. म्हणाली, "नेईन. उन्हाळ्यात नेईन, पोरांच्या परीक्षा झाल्या की. तवर इथंच राहू दे. आता लपवायचं काय उरलंय तुझ्याकडं?" मग माझ्या पोटावर हात मारून म्हणाली, "आन् तू मोकला झालास त हे बी उतरंल."

उतरलं. सांगण्यासारखं त्यात आणखी काही नाही. चालणं तेवढंच, भाकरी तीच. महिन्याभरात काटा पुन्हा खाली सरकायला लागला आणि मुलगी आपल्या आहाराच्या पद्धतीचं श्रेय घेऊन मोकळी झाली. मी तिला घेऊ दिलं. घरात आता एक डाव भात आईपुरता शिजतो. बायको म्हणते, खाणावळ उघडलीच शेवटी.

आईचे दिवस सारखे नसतात. कधी ती भाताचा डोंगर संपवते, कधी ताटाकडे बघतही नाही. परवा असाच दिवस होता. उरलेला भात मी तसाच बाहेर आणून ओट्यावर ठेवला. बायकोनं बघितला, झाकला. रात्री बहिणीचा फोन आला.

"जेवली का?"

"आज नाही जेवली."

"बरं," ती म्हणाली. "उद्या जेवंल. आन् तू? तू काय म्हंतोस?"