रसाचं पातेलं

डब्यात कोंडला की रस आंबतो, म्हणून पातेल्याला नुसतं फडकं बांधून न्यायचं, हा माझ्या थोरल्या दिरांचा, भाऊंचा हट्ट. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही एका रविवारी कन्नड घाटात जेवायला निघालो. गाडी भाऊच चालवत होते आणि पातेलं माझ्या मांडीवर होतं. घाटाच्या दुसऱ्याच वळणावर अर्धा रस माझ्या नव्या साडीवर आला. आरशात बघून त्यांनी विचारलं, "रस वाचला का?" ते मी विसरले नाही.

यंदाच्या मे महिन्यात भाऊंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून गाडी माझ्या हातात आली. पुढे सासूबाई बसल्या, मागे पांढरीशुभ्र पँट घालून भाऊ.

"पातेलं तुम्हीच धरा, तुमच्यासारखं कोणाला जमणार?" म्हणत मी ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. चाळीसगावपर्यंत गाडी अगदी सावकाश नेली, सासूबाईंना आमराया दाखवत. मग घाट लागला. ते दुसरं वळण मला तोंडपाठ होतं. तिथे मी वेग कमी केलाच नाही.

मागून "अगं अगं!" ऐकू आलं. केशरी झालेली पँट मी आरशात डोळे भरून पाहिली.

"भाऊ," मी विचारलं, "रस वाचला का?"