म्हशींच्या घंट्या आणि महादेवभाऊ

चामोर्शीच्या आठवडी बाजारात मी टॉर्च आणि कुलपं दुरुस्त करत बसायचो. एके दिवशी पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ माझ्यापुढे येऊन उकिडवे बसले. दुरुस्तीला त्यांच्या हाती काहीच नव्हतं. म्हणाले, "बाबू, ह्या बॅटरीवर दिवा लागते. गोठा तापला का घंटी वाजवता येते का तुले?" मी हसलो. ते हसले नाहीत. मी पसारा आवरेपर्यंत तिथंच बसून राहिले आणि मला सोबत घेऊनच गेले. आपल्या दूध सोसायटीच्या महादेवभाऊंची आणि माझी ओळख झाली ती अशी.

भाऊंच्या साठीनिमित्तच्या या अंकात मोठमोठी माणसं लिहिणार आहेत. मी रज्जाक, चौथीत शाळा सोडलेला, कुठल्याच कामावर वर्षभर न टिकलेला. सध्या बंगालात एका कारखान्याच्या बॉयलरवर आहे. पण भाऊंच्या गोठ्यात तारा मीच ओढल्या, तेव्हा तेवढं तरी मी लिहायलाच पाहिजे.

नव्या मंडळींसाठी आधीची हकीकत सांगतो. भाऊंनी हट्टानं उत्तरेकडच्या दुधाळ म्हशी आणवल्या, सभासदांना वाटून दिल्या आणि सगळ्यांसाठी नदीकाठी एकच मोठा गोठा बांधला. आपल्याकडचा उन्हाळा त्या म्हशींना सोसला नाही. पहिल्याच वैशाखात काही दगावल्या. शामरावजी म्हणून एक सभासद, त्यांच्या दोन म्हशींपैकी एक गेली. बैठकीत ते उभे राहून म्हणाले की येत्या उन्हाळ्यात एक जरी मेली तर गोठा मोडायचा आणि उरलेल्या विकून टाकायच्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. भाऊंनीही डोलावली. मी नंतर शामरावजींना नावं ठेवायला लागलो, तर भाऊंनी मला गप्प केलं. म्हणाले, म्हैस मेली त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटली नव्हती, हे तुला माहीत नाही.

नागपूरला भाऊंनी अंडी उबवायची एक पेटी पाहिली होती. आत गरमी वाढली की एक पट्टी वाकायची आणि झाकण आपोआप उघडायचं. त्यावरून आम्ही सुरुवात केली. पितळेची आणि लोखंडाची पट्टी एकत्र रिव्हेट केली. ती तापून वाकली की खिळ्याला टेकायची, बॅटरीची वीज खेळायची आणि खटका सुटायचा. खटका सुटला की माचीवरच्या पिंपाची तोटी उघडून गोठ्याभोवती लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी झिरपायचं आणि आत गारवा यायचा. सोबत घंटी वाजायची, म्हणजे कोणी तरी धावत येऊन पिंप पुन्हा भरावं. पिंप रिकामं झालं की सगळा कारभार थांबणार, हे आम्हाला ठाऊक होतं.

हे काम चाललं तेव्हा रमजान आला, तोही भर उन्हाळ्यात. भाऊंनी माझं काम पहाटेवर ढकललं. स्वतः मात्र दिवसभर माझ्यासोबत पाण्यावाचून राहू लागले. मी म्हटलं, भाऊ, तुमच्यावर रोजा फर्ज नाही. तर म्हणाले, "तुह्यासमोर गटगट पाणी प्याले मले बरं नाई वाटत." शेवटी मी काम सोडून जाईन अशी धमकी दिली, तेव्हा कुठे घराआड जाऊन पाणी प्यायला लागले.

यंत्र बसवून झालं. मग वैशाखातल्या एका दुपारी ते पहिल्यांदा आपणहून चाललं, आणि कोणालाच कळलं नाही. आपल्याकडे नवं जनावर आलं की घरची बाई उंबऱ्याशी त्याच्या गळ्यात घंटी बांधते, ती जनावर मेल्यावरच सुटते. रानात चुकलेलं जनावर सापडतं ते त्या आवाजावर. त्या दुपारी गरमीनं म्हशी माना झटकत होत्या, सगळा गोठा वाजत होता, आणि आमची घंटी त्यातलीच एक होऊन गेली. गोठ्याच्या ओसरीवर जेवत बसलेला गुराखी सोमाजी गोवारी म्हणाला, माशा लई झाल्या. मी हो म्हटलं.

भाऊ आले तेव्हा पिंप कोरडं होतं, ताट्या वाळल्या होत्या आणि शामरावजींची उरलेली म्हैस जीभ काढून आडवी झाली होती. भाऊंनी उपरणं भिजवून तिच्या डोक्यावर टाकलं आणि तिथंच बसले. आम्ही नदीवरून बादल्या आणत राहिलो. शामरावजी आले. त्यांनीही बादली उचलली. उन्हं कलल्यावर म्हशीनं पाण्याला तोंड लावलं. मग पुढचे पाय टेकले, पडली, पुन्हा टेकले. उभी राहिली तेव्हा शामरावजी तिच्या पाठीवर हात ठेवून तसेच थांबले होते.

मग ते भाऊंना म्हणाले, "जनावरायच्या घंट्या काढून टाका. मंग तुमची एकटीच ऐकू येईन." मलाही ते पटलं होतं.

भाऊ म्हणाले, "घरच्या बायांनी बांधल्या हायेत त्या. यंत्र काल आलं. त्यानंच आपला आवाज बदलवावा."

मग मी त्याच खटक्याला दगडी गिट्टीनं भरलेला डबा अडकवला. खटका सुटला की सगळी गिट्टी ओसरीच्या टिनाच्या छपरावर कोसळायची. पहिल्या वेळी सोमाजी नेमका खाली बसला होता. ताट टाकून पळाला तो विहिरीपाशी थांबला. परत येऊन मला म्हणाला, "म्हशीले वाचवाच्या आंधी माहा जीव घेशीन बे तू." भाऊ इतके हसले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

त्या उन्हाळ्यात डबा पुष्कळदा कोसळला. म्हैस एकही मेली नाही. बैठकीत शामरावजी बोलायला उठले. त्यांनी एवढंच विचारलं, की पुढच्या खेपेला म्हशी येतील त्यात आपल्याला एक मिळेल का. भाऊंनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. 

परवा चामोर्शीकडचा एक माणूस इथे भेटला. म्हणाला, म्हशी मजेत आहेत, पण भाऊ भर दुपारी सभासदांच्या घरोघरी फिरत असतात. यंदा ऊन लागून अंथरुणाला खिळले होते. भाऊंसाठी मला कुठलं यंत्र करता येत नाही. म्हणून हे वाचणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगतो, दुपारी ते तुमच्या दारावरून जाताना दिसले तर आत बोलवा, पाणी द्या आणि ऊन उतरेपर्यंत उठू देऊ नका. ते रागावतील. रागावू द्या. अल्ला त्यांना ठणठणीत ठेवो, आणि त्यांचं हे रागावणं अजून पुष्कळ वर्षं आपल्या वाट्याला येवो.