दोरीवाले काका

वर्तककाकांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. नजर चांगली होती, चष्मासुद्धा फक्त वाचण्यापुरता. पण एखादी गोष्ट सरळ आहे की वाकडी, हे नुसतं बघून ठरवणं त्यांना अप्रामाणिकपणाचं वाटे. "डोळा आपल्याला हवं तेच सांगतो. दोरीला काही हवं नसतं," असं म्हणत ते पँटच्या खिशातून पांढऱ्या नायलॉन दोरीचं गुंडाळं काढत. शारजात अल मजाजला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. गणपतीत त्यांच्या हॉलमध्ये आम्ही सगळे टाळ घेऊन उभे, काकूंचा नैवेद्य निवत चाललेला, आणि काका मखराच्या दोन टोकांना दोरी ताणून वाकलेले. माझा मुलगा कंटाळून म्हणाला, "अंकल, इट्स स्ट्रेट इनफ!" काका वळलेसुद्धा नाहीत. "स्ट्रेट इनफ असं काही नसतं रे. सरळ असतं, नाहीतर नसतं." पोरांनी त्यांचं नाव 'स्ट्रिंग अंकल' पाडलं. आम्ही मोठ्यांनी ते मराठीत आणलं.

जेबेल अलीच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्स इंजिनिअर होते. मूलबाळ नव्हतं. त्यांचा एक इंग्रज सहकारी कायमचा मायदेशी परत निघाला, तेव्हा त्याने अर्धवट सोडलेला एक खटाटोप काकांच्या गळ्यात मारला. स्वतः जोडायच्या गाडीचे सुटे भाग होते ते. लोखंडी सांगाडा, दोन माणसांपुरती जागा, छप्पर नाही, आणि बाकी सगळं खोक्यांत. काकांनी इंडस्ट्रियल एरियात एका मल्याळी टायरवाल्याच्या शेडचा कोपरा भाड्याने घेतला आणि त्यांचे सुट्टीचे शुक्रवार तिथे जाऊ लागले. शैलाकाकू आम्हाला म्हणायच्या, "सवत आणली असती तर निदान ती स्वयंपाकाला तरी लागली असती."

या कामात त्यांना जोडीदार मिळाला तो सतीश. काकांच्याच खात्यातला कनिष्ठ इंजिनिअर, चिंचवडचा, बायको नीता आणि शाळकरी लेकीबरोबर दुबईत करामा भागात राहणारा. सतीश बडबड्या, काका मितभाषी. तो त्यांना 'साहेब' म्हणायचा आणि ते त्याला 'सत्या'. इंजिन बसलं, ब्रेक लागले, आणि मग काकांचं खरं आवडीचं काम आलं, सस्पेन्शन आणि चाकांचं अलाइनमेंट. गाडीच्या दोन्ही अंगांना चार स्टँडवर दोऱ्या ताणायच्या, त्या एकमेकींना समांतर करायच्या आणि प्रत्येक चाकाच्या पुढच्या-मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजायचं. चाक किती कलतंय ते बघायला काकांनी गवंड्याचा ओळंबा आणला होता. एवढं करून भागत नसे. "रिकाम्या गाडीचं सेटिंग हे सेटिंगच नव्हे. जो चालवणार त्याचं वजन आत पाहिजे. बस, सत्या." सतीश सीटवर बसून तासन् तास शेंगदाणे खात गप्पा मारायचा आणि काका खाली जमिनीवर आडवे पडून ओरडायचे, "हलू नकोस! हसू पण नकोस!" त्या गाडीच्या स्प्रिंगा सतीशच्या वजनाला बेतलेल्या होत्या. काकांना कमरेच्या दुखण्यामुळे तिच्यात धड बसताच येत नसे.

मी कधीतरी शुक्रवारी चहाचा थर्मास घेऊन तिथे जायचो. चाकं सरळ धरून ठेवणारे दोन दांडे असतात, टाय रॉड. ते फिरवून चाकाचा कोन जुळवायचा, आणि जुळला की दांडा पुन्हा फिरू नये म्हणून त्यावरचा नट आवळायचा. नट आवळला की काका त्यावरून दांड्यावर जाणारी पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ मारत. मी विचारलं, "ही कशाला?" ते म्हणाले, "रेघ दिसली म्हणजे काम झालं. नाही दिसली तर नाही झालं. लक्षात ठेवायची भानगडच नको."

शारजाबाहेर वाळवंटात, धैदच्या बाजूला एक नवा रस्ता बांधून तयार होता, पण वाहतुकीला खुला झाला नव्हता. उन्हाळा सुरू होण्याआधीच्या एका शुक्रवारी दुपारी ते दोघं गाडी ट्रकवर घालून तिकडे घेऊन गेले. सतीश चालवत होता आणि काका कडेला उभे राहून चाकं बघत होते. तीन-चार फेऱ्या छान झाल्या. प्रत्येक फेरीला सतीश जवळून जाताना हात उंचावायचा. "यल्ला साहेब, बटर! एकदम बटर!" पुढच्या फेरीत गाडी सरळ येता येता एकदम उजवीकडे वळली, वाळूच्या कडेवर चढली आणि उलटली. ॲम्ब्युलन्स यायच्या आधीच सतीश गेला. काका तोवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मी हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा त्यांच्या शर्टाकडे बघवत नव्हतं. ते मला एवढंच म्हणाले, "नीताला कोणी सांगितलंय का?" कोणीच सांगितलं नव्हतं. मग त्यांनीच जाऊन सांगितलं.

पोलिसांना पुढचा उजवा टायर चिंध्या झालेला सापडला. टायर फुटला, वेग जास्त होता, गाडी उलटली, अशी नोंद झाली. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणल्याबद्दल काकांना दंड झाला, आणि फाईल बंद. नीताचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर, त्यामुळे तिलाही फार दिवस राहता येणार नव्हतं. शैलाकाकूंनी करामाचं घर तिच्याबरोबर आवरलं. काकांनी कंपनीत खेटे घालून तिचे सगळे कागद करून घेतले, सतीशला घरी पाठवण्याची व्यवस्था केली. विमानतळावर नीता त्यांच्या पाया पडली. "काका, तुम्ही नसतात तर मी काय केलं असतं?" काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या वेळी त्यांना काहीच माहीत नव्हतं.

काही महिन्यांनी पोलिसांनी मोडकी गाडी सोडली. सगळ्यांचं मत एकच होतं, भंगारात द्या. काकांनी ती शेडमध्ये आणून ठेवली. "मला फक्त बघायचंय," म्हणाले. पुन्हा त्यांचे शुक्रवार तिथे जाऊ लागले. वाकलेल्या सांगाड्याभोवती ते दोऱ्या ताणत, एकेक भाग सोडवून फडक्यावर मांडत. घरी जेवताना बोलत नसत. काकू एकदा माझ्या बायकोपाशी म्हणाल्या, "हे ती गाडी दुरुस्त करत नाहीयेत गं. तिला विचारतायत."

एका शुक्रवारी सकाळी त्यांचा मला फोन आला. "प्रमोद, जरा शेडवर येतोस?" गेलो तर ते स्टुलावर बसले होते आणि पुढ्यातल्या फडक्यावर दोन दांडे ठेवलेले. डावीकडचा वाकला होता, पण नटावरची पिवळी रेघ स्वच्छ दिसत होती. उजवीकडचा दांडा चाकाकडच्या सांध्यातून सुटून आलेला. त्याचा नट बराच मागे होता, आणि रेघ नव्हती.

"टायर फुटून गाडी वळली नाही," काका म्हणाले. "चाक वळलं म्हणून टायर फाटला."

"काका, आपटल्यावर सुटला असेल दांडा."

"ओढला जाऊन सुटला असता तर आटे सोलले असते. हात लावून बघ. कोरे आहेत. फिरत फिरत बाहेर आलाय तो. मी नट आवळलाच नव्हता."

"रेघ आपटून पुसली असेल."

"मारलीच नव्हती रे." त्यांनी चष्मा काढला. "त्या दिवशी डावीकडचं झालं आणि नीताने पाठवलेला डबा आला. सत्या म्हणाला, साहेब, आधी जेवून घेऊ, थालीपीठं गार होतील. जेवलो, हात धुतले आणि गाडी ट्रकवर चढवली. सगळं आठवतंय मला. हे एवढंच तेव्हा आठवलं नाही."

मी त्यांना परोपरीने सांगितलं की कोणाच्याही हातून होतं, आता कोणाला काही सिद्ध करता येणार नाही, सतीश परत येणार नाही. काकूंनी तर रडून सांगितलं. "तिने कसंबसं स्वतःला सावरलं असेल. तिला हे सांगून तिचं काय भलं होणार आहे? आणि पोलिसांना कळलं तर या वयात आत टाकतील तुम्हाला." काकांनी वाद घातला नाही. पण ते झिजत गेले. त्यांनी गणपती बसवला, पण मखर आम्ही लावलं. ते खुर्चीत बसून बघत राहिले, आणि ते वाकडं होतं तरी बोलले नाहीत.

असं जवळजवळ वर्ष गेलं. पुढच्या सुट्टीत मी पुण्याला होतो. काकाही आले आणि म्हणाले, "माझ्याबरोबर चिंचवडला चल. एकट्याला जमेल असं वाटत नाही."

नीता एका शाळेत नोकरी करत होती. आम्हाला बघून तिला खरंच आनंद झाला. चहा आला, काकूंची चौकशी झाली, लेकीची वह्या-पुस्तकं पलंगावर पसरलेली होती, ती खेळायला गेली होती. काकांनी कपाला हात लावला नाही. बँकेत व्यवहार सांगावा तसं त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं. दांडा, नट, आटे, सगळं. ती ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "पण तुम्ही विसरलात कसे? तुम्ही?"

मी काकांकडे बघत होतो.

"विसरलो," ते म्हणाले.

डब्याचं त्यांनी सांगितलं नाही. मीही आजवर तिला सांगितलेलं नाही.

नीताने काकांचा गार झालेला कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "सगळ्यांनी मला सांगितलं की तो फार जोरात चालवत होता. मी त्याला शिव्या घातल्या, काका. रोज. आमचा विचार केला नाहीस म्हणून. पोरीलासुद्धा मी हेच सांगितलंय, की बाबाने मस्ती केली." तिचा आवाज चढला नाही. "तुम्हाला हे कधी कळलं?"

"वर्ष होईल."

"वर्षभर मी त्याला बोल लावत होते आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो." काकांनी मान वर केली. "तू म्हणशील तर मी पोलिसांकडे जातो. सगळं कबूल करतो."

"म्हणजे ते पण मीच ठरवायचं?" ती उभी राहिली. "जायचं तर तुमचं तुम्ही जा. माझं नाव त्यात नको. आणि काका, पुन्हा इथे येऊ नका. पोरगी यायच्या आत निघा तुम्ही."

जिना उतरताना काकांनी कठडा घट्ट धरला होता. खाली आल्यावर मी रिक्षा थांबवली. ते म्हणाले, "बरोबर बोलली." एवढंच. रात्रीच्या विमानाने ते परत गेले.

मी सुट्टी संपवून शारजाला पोचलो, तोवर त्यांनी राजीनामा दिला होता. एका सकाळी मीच त्यांना पोलीस स्टेशनवर सोडलं. हातात प्लास्टिकच्या पिशवीत तो दांडा होता. काउंटरवरच्या माणसाला आधी वाटलं, ते कोणाविरुद्ध तक्रार करायला आलेत. "किसने किया?" त्याने विचारलं. "मैंने," काका म्हणाले. बंद झालेली फाईल उघडायला कोणाला हौस नसते. त्यांना दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा लिहून घेतलं. मग पासपोर्ट जमा झाला, तारखा पडल्या, आणि शेवटी काही महिन्यांची शिक्षा झाली. ओळखीतले बरेच लोक काकूंकडे जायचे बंद झाले. काही म्हणाले, डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं. मलाही मनातून तसं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

तुरुंगात मी त्यांना एकदा भेटलो. मध्ये काच होती आणि बोलायला फोन. दाढी वाढली होती, गाल बसले होते. काकूंचं भाडं, औषधं, सामान विकायची व्यवस्था याबद्दल त्यांनी बारीकसारीक सूचना दिल्या. वेळ संपत आली तेव्हा मी विचारलं, "काका, बरे आहात ना?"

ते म्हणाले, "इथे मला झोप लागते."

सुटल्यावर त्यांना थेट विमानात बसवून भारतात पाठवलं. काकू आधीच मिरजेला जाऊन राहिल्या होत्या. मी एकदा तिथे जाऊन आलो. काका सावकाश चालायचे, वाचायचे, भेटायला आलेल्याशी नीट बोलायचे, पण आपणहून कोणाकडे जायचे नाहीत. गल्लीतल्या लोकांना ते कुठल्यातरी कंपनीतून रिटायर झालेले गृहस्थ वाटायचे, आणि त्यांनी तो समज तसाच राहू दिला. दुसऱ्या वर्षी हृदयविकाराने ते गेले. काकूंनी मला फोनवर सांगितलं, "सकाळी चहा मागितला आणि मी आणेपर्यंत संपलं."

नीताला कळवावं की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. मग शारजातून फोन लावला. तिने आवाज ओळखला. मी म्हणालो, "काका गेले."

पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला. मला वाटलं आता फोन ठेवेल.

"काकू एकट्याच आहेत का?" तिने विचारलं.

"हो. एकट्याच."

मग लेकीला हाक मारून तिने पेन मागवलं, आणि मला म्हणाली, "पत्ता सांगा."